नटाखालचा कापूस

हाडांच्या वॉर्डात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला रस्ता कधी रस्ता म्हणून दिसतच नाही. त्याला आधी दिसतो तो खड्डा. सिस्टरबाईंचं तसंच झालं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरबाईच म्हणत. कुणी नवी गाडी घेऊन दाखवायला आलं की छान आहे म्हणायच्या आधी त्या विचारत, "ब्रेक बघितलेस का?" शिडीवर चढलेला रंगारी, झाडावर चढलेलं पोर, ओल्या फरशीवरून लगबगीनं चाललेली शेजारीण, सगळ्यांना त्यांच्या नजरेत आधीच प्लॅस्टर घातलेलं असे.

आणि देवाची लीला बघा, अशा बाईच्या पोटी त्यानं भिंगरी जन्माला घातली. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. चालायला लागल्यापासून पोरगी एका जागी बसली म्हणून कुणी पाहिली नाही, तेव्हा घरादारात भिंगरीच झाली. वडील लवकर गेले. मायलेकी एकमेकींच्या आधारानं राहिल्या. मोठी होऊन तिनं कामही असं शोधलं की तिथे बसायला खुर्चीच नको. लांबच्या लांब उजाड माळरानांवर जायचं आणि तिथले पक्षी मोजायचे. नवरा मिळाला तोही त्याच कामातला. दोघं एक जुनी दणकट जीप घेऊन जिथे रस्ता संपतो तिथपर्यंत जात, आणि तिथून पुढे सायकलींवर. इंजिनाचा आवाज झाला की पक्षी उडून जातात, मग मोजणार काय, धूळ?

म्हणजे जीपच्या पाठीवर दोन सायकली आल्या, आणि त्या धरून ठेवणारा रॅक आला. सिस्टरबाईंचा जीव टांगणीला लागला तो या रॅकपायी.

मागच्या खेपेला दगडधोंड्यांच्या वाटेवर जुना रॅक तुटला होता. एक सायकल निसटून रस्त्यावर पडली आणि मागून येणारा मोटारसायकलवाला तिला चुकवता चुकवता झुडपात जाऊन बसला. खरचटण्यावर निभावलं. भिंगरीनं घरी येऊन ही गोष्ट हसत हसत सांगितली. सिस्टरबाई हसल्या नाहीत.

"आई, रॅक जुना होता गं," भिंगरी म्हणाली.

"मागचा माणूस तर नवा होता ना? त्याच्या आईला दुसरा मिळणार होता का?"

आता पुन्हा जायची वेळ आली होती, तीही सहा महिन्यांसाठी. एवढं मोठं काम दोघांना पहिल्यांदाच मिळालं होतं. भिंगरीचे डोळे नुसते लकाकत होते. आईचे डोळे मात्र छताला लागले होते. अखेर जेवताना सिस्टरबाईंनी ताटातला हात थांबवला.

"जा. पण माझी एक अट आहे. नवा रॅक मी निवडणार. तो बसवला की खाणीच्या रस्त्यानं गाडी न्यायची, आणि मी आत बसणार. जाऊन येईपर्यंत एक जरी नट ढिला झाला, तर तुम्ही जायचं नाही. दुसरं कुणीतरी मोजेल तुमचे पक्षी."

"आणि नाही झाला तर?"

"तर मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

जावई इतका वेळ खाली मान घालून जेवत होता. तो हळूच म्हणाला, "आई, मग रॅकपेक्षा तुमचीच परीक्षा अवघड आहे."

"जावईबापू, तुम्ही जेवा."

भिंगरीनं आईकडे टक लावून पाहिलं. ही बाई बोलली की बोलली, आणि आपणही तिचीच लेक, हे तिला ठाऊक होतं. "ठरलं," ती म्हणाली. "एक नट."

त्या रात्री सिस्टरबाईंनी देवापुढे हात जोडले. देवाला त्या मनातल्या मनात मोठे डॉक्टर म्हणत. राउंडवर येणारे मोठे डॉक्टर वाट बघायला लावतात, पण एकदा आले की कोपऱ्यातली खाटसुद्धा चुकवत नाहीत, देवाचंही तसंच असतं, असा त्यांचा अनुभव. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी काय मागतेय ते माझं मलाच कळत नाहीये. तुम्हीच बघा." आणि दिवा मालवला. आता एवढ्या सरळ प्रार्थनेला देव तरी काय बोलणार!

दुकानात तिघंही गेली. दुकानदार म्हणजे उंच, रुंद, पोट पुढे आलेला हसतमुख गृहस्थ. त्यानं सिस्टरबाईंना पाहून खुर्ची पुढे केली.

"बसा मावशी. यांना दाखवतो, तुम्ही निवांत बसा."

"यांना नको, मला दाखवा. आणि मावशी तुमची घरी असेल, मला सिस्टर म्हणा."

दुकानदारानं जावयाकडे पाहिलं. जावयानं दोन्ही हात पसरले.

पहिला रॅक पट्ट्यांचा होता. जीपच्या मागच्या दाराला पट्टे अडकवायचे, ओढायचे, झालं काम. हलका, घडी होणारा. जावयाला तो फार आवडला. सिस्टरबाईंनी पट्टा हातात घेऊन ताणला, सोडला, पुन्हा ताणला.

"हे गळ्यात हात अडकवायच्या झोळीसारखं आहे. मनगट मुरगळलं तर ठीक. मांडी मोडल्यावर झोळी देतात का? पुढचा."

दुसरा चांगला जाडजूड होता. मागून दोन लोखंडी हात बाहेर आलेले, त्यांवर सायकलींचे दांडे लटकवायचे. दुकानदार अभिमानानं म्हणाला, "हा जन्मात तुटायचा नाही."

"हा नाही तुटायचा हो, पण सायकली? धक्का बसला की झुलणार, एकमेकींना घासणार. आणि सगळा भार एका दांड्यावर." त्यांनी जावयाकडे वळून विचारलं, "जावईबापू, मोडलेला पाय उचलायचा झाला तर कुठे धराल?"

"मी धरणारच नाही. मी तुम्हाला हाक मारीन."

दुकानदार खो खो हसला. भिंगरीलाही हसू आवरेना. सिस्टरबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण तेवढाच. "खालून आधार द्यायचा असतो," त्या म्हणाल्या. "लटकवायचं नसतं."

"मग सिस्टर, तुम्हाला हवा तो आतल्या खोलीत आहे," दुकानदार म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "आधी दाखवला नाही, कारण जड आहे आणि लोक वजन बघूनच नको म्हणतात."

तिसरा रॅक थेट गाडीच्या सांगाड्याला बसणारा होता. जीपच्या खाली मागच्या बाजूला एक चौकोनी नळी पक्की करायची, तिच्यात रॅकचा दांडा सरकवायचा आणि आरपार पिन घालून तो असा आवळायचा की आत तसूभरही खेळ राहू नये. दांड्यावर आडव्या दोन पन्हळी, प्रत्येक पन्हळीत एका सायकलीची दोन्ही चाकं. वरून एक आकडा येऊन पुढचं चाक दाबून धरी. सायकलीच्या दांड्याला कुठे स्पर्शच नाही. शिवाय ओढ्याच्या उतारावर शेपूट खाली घासू नये म्हणून सगळा रॅक वर कलवताही येई.

सिस्टरबाईंनी चष्मा सारखा केला. वेल्डिंगच्या एकेका जोडावरून बोट फिरवलं, जसं टाक्यांवरून फिरवावं तसं. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "गाडीला लावा, आणि तुम्ही त्यावर बसा."

"मी?" दुकानदार मागे सरकला. "सिस्टर, हा सायकलींसाठी आहे."

"दोन सायकली म्हणजे तुमचा एक पाय. बसा. जावईबापू गाडी फुटपाथवर चढवतील आणि उतरवतील."

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बाहेर आली. समोरच्या न्हाव्यानं अर्ध्या दाढीचा माणूस खुर्चीत सोडून दारात ठाण मांडलं. दुकानदार रॅकवर बसला, दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि जीप फुटपाथवर चढली, धप्प करून उतरली, पुन्हा चढली. तो गृहस्थ बसल्या जागी उडाला, टेकला, पुन्हा उडाला. रॅकनं हूं की चूं केलं नाही.

"काय वाटतं?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"रॅकला काही झालेलं नाही," दुकानदार कंबर चोळत उतरला. "मला एक खाट द्या."

त्या दिवशी घरी येताना सिस्टरबाईंना बऱ्याच दिवसांनी थोडं हलकं वाटलं. निवड चांगली झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी राउंड सुरू केली होती म्हणायचं.

पण माणसाचा जीव बघा कसा असतो. संध्याकाळी जीपला बसवलेला रॅक अंगणात उभा राहिला आणि सिस्टरबाई त्याच्याभोवती फेऱ्या मारू लागल्या. पन्हळी जिथे दांड्याला बोल्टांनी जोडल्या होत्या, तिथे लोखंडावर लोखंड होतं. नागडं लोखंड. हिसक्यांनी हे एकमेकांना घासणार नाही का? हाड वर आलेल्या जागी प्लॅस्टर टोचू नये म्हणून आपण कापूस घालतोच की. आत भिंगरी आणि जावई नकाशा पसरून बसले होते. सिस्टरबाईंनी टूलबॉक्समधून पाना काढला, एका जोडाचा नट सोडला, कापसाची छानशी घडी करून दोन पट्ट्यांच्या मधे सरकवली, आणि दात ओठ खाऊन नट पुन्हा आवळला. बाहेर डोकावणारा तंतू नखानं आत सारला. बाकीच्या जोडांना घडी घालायची होती, तेवढ्यात आतून हाक आली. "आई, चहा!" एक तर एक, म्हणून त्या पाना ठेवून आत गेल्या. मनात म्हणाल्या, सांगितलं तर हसतील. कशाला सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप खाणीच्या रस्त्याला लागली. तिथली खाण कधीच बंद पडलेली. रस्ता म्हणजे फुटलेल्या दगडांची रास, मधे मधे पाण्यानं खणलेले चर. भिंगरी गाडी चालवत होती, शेजारी जावई, मागे सिस्टरबाई, एक हात वरच्या कडीला आणि दुसरा छातीला. एकेका हिसक्याला त्यांचं सगळं शरीर मागच्या काचेकडे वळे. काचेपलीकडे दोन सायकली शहाण्या मुलींसारख्या गुडघ्याला गुडघा लावून उभ्या होत्या.

"आई, पुढे बघ. मान आखडेल."

"तू पुढे बघ. तू चालवते आहेस."

खाणीच्या टोकाला कोरड्या ओढ्याशी भिंगरीनं गाडी थांबवली. गाडी पुरती थांबायच्या आत सिस्टरबाई उतरल्या होत्या. त्या मागे गेल्या आणि वॉर्डात एका टोकापासून खाटा बघत जावं तसे एकेक नट चाचपत गेल्या. पक्का. पक्का. हाही पक्का. आणि मग एक नट त्यांच्या दोन बोटांत अलगद फिरला.

"ढिला आहे!" त्या ओरडल्या. आवाजात काय होतं ते त्यांनाही लपवता आलं नाही. एखाद्यानं शर्यत जिंकावी ना, तसा तो आवाज होता.

भिंगरी आली. तिनं नट हलवून पाहिला. एकदा, दोनदा. जावई पाठीमागे उभा होता. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"बरोबर आहे," भिंगरी म्हणाली. "ठरलं होतं ते ठरलं होतं. घरी जाऊ. मी दुपारी फोन करून त्यांना नाही म्हणून कळवते."

रडली नाही, भांडली नाही. पाना आणला, नट आवळून टाकला. मग पाना टूलबॉक्समध्ये नीट ठेवला, झाकण लावलं, खटका दाबला, आणि जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. भिंगरी म्हणवणारी पोरगी, आणि एकदम इतकी निश्चल! सिस्टरबाईंनी तिला असं फक्त एकदाच पाहिलं होतं, वडील गेले त्या दिवशी.

त्या पुन्हा एकदा नटाकडे वळल्या, नुसत्या बघायला. आणि लोखंडाच्या दोन पट्ट्यांमधून पांढरा तंतू बाहेर आलेला त्यांना दिसला.

बाकीच्या सगळ्या जोडांत लोखंडाला लोखंड भिडलं होतं आणि सगळे पक्के होते. ढिला झाला होता तो एकच, आपण कापूस घातलेला. आणि हे आपल्याला कळू नये? शिकाऊ पोरींना आपण घसा फोडून सांगत होतो ना, कापूस बेताचा घाला गं, फार माया दाखवाल तर दोन दिवसांत कापूस दबेल, प्लॅस्टर सैल होईल आणि आत हाड हलेल! एकीला तर त्यावरून रडवलं होतं.

त्यांनी तंतू ओढून तोडला, मुठीत धरला आणि मुकाट्यानं गाडीत येऊन बसल्या.

जीप वळली, उभ्या उताराला लागली. सिस्टरबाईंच्या मुठीत तो एवढासा तंतू, पण मूठ जड झाली होती. तोंड उघडलं नाही, तर पोरगी घरी राहते. सहा महिने डोळ्यांपुढे, रोज जेवायला समोर. हेच तर हवं होतं. डॉक्टर, त्या मनात म्हणाल्या, मी काय मागतेय ते मला कळत नव्हतं, आता कळलं. आता मात्र लाज वाटतेय हो.

पुढच्या आरशात भिंगरीचा चेहरा दिसत होता. पाटीवरून अक्षरं पुसावीत तसा कोरा.

"थांबव गाडी."

"काय झालं? लागलं का?"

"थांबव म्हणते ना."

जीप थांबली. सिस्टरबाईंनी मूठ उघडून पुढे केली. "हा कापूस माझा आहे. काल संध्याकाळी मी नट सोडून आत घातला. घासू नये म्हणून. तो दबला, म्हणून नट ढिला झाला. रॅकचा दोष नाही."

भिंगरीनं त्या तंतूकडे पाहिलं. मग आईकडे. आणि मग जो भडका उडाला तो उडाला.

"तू पाना लावलास? न विचारता? आई, रस्त्यात हे सुटलं असतं तर? कुणी मागून येत असतं तर? तूच म्हणालीस ना, त्याच्या आईला दुसरा मिळणार होता का म्हणून?"

"हो."

"हो काय हो!"

"मग काय म्हणू? तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. माझ्या वॉर्डात कुणी असं केलं असतं तर मी तिला दारात उभी केली असती."

"मग राहा उभी!"

सिस्टरबाई खरंच उतरल्या आणि दार धरून रस्त्यात उभ्या राहिल्या. पदर सावरून, मान खाली घालून. एवढी मोठी सिस्टर, जिच्या चाहुलीनं पेशंटसुद्धा घोरायचं थांबवत, ती दगडांच्या त्या राशीत शिकाऊ पोरीसारखी उभी. भिंगरी बघत राहिली. तिच्या ओठांशी काहीतरी फुटू लागलं, तिनं ते दाबलं, पण जावयाच्या नाकातून आधी आवाज निघाला आणि मग तिघंही अशी हसली की खाणीनं ते हसणं परत पाठवलं.

"आई, माझ्याच्यानं तुला अशी बघवत नाही," भिंगरी डोळे पुसत म्हणाली. "आता काय करायचं?"

"पेशंट पुन्हा टेबलवर घ्यायचा," सिस्टरबाई म्हणाल्या.

या वेळी पाना भिंगरीच्या हातात होता आणि आई नुसती बघत होती. नट सोडला, उरलेला सगळा कापूस वेचून काढला, लोखंड पुसलं, लोखंडाला लोखंड भिडवलं आणि जावयानं व भिंगरीनं आळीपाळीनं जोर लावून नट आवळला.

"आता मी एक करू?" सिस्टरबाईंनी विचारलं. "विचारून करतेय."

त्यांनी पर्समधून काळं जाड पेन काढलं. प्लॅस्टरवर रक्ताचा डाग दिसला की त्याच्या कडेनं रेघ मारायची, हा त्यांचा जन्माचा रिवाज. डाग रेघेपुढे गेला तर डॉक्टरांना हाक मारायची, नाही गेला तर स्वस्थ राहायचं. उगाच दर घटकेला पट्टी सोडून बघायची नाही. त्यांनी नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग प्रत्येक नटावर तशीच.

"नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटेल," त्या म्हणाल्या. "हात लावायला नको, नुसतं बघायचं."

जावयानं वाकून पाहिलं. "आई, हे आम्हाला सुचायला हवं होतं."

"तुम्ही पक्षी मोजा. चला, सगळा रस्ता पुन्हा. ओढ्यापर्यंत, आणि परत."

पुन्हा ते दगड, ते चर. या खेपेला भिंगरीनं मुद्दाम एकही खड्डा चुकवला नाही. सिस्टरबाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. मोठ्या डॉक्टरांशी त्यांचं काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. रस्त्याच्या तोंडाशी डांबर लागलं तेव्हा जीप थांबली. तिघंही मागे आली. कुणीच आधी बघेना.

मग भिंगरी खाली वाकली. तिनं कापसाच्या नटावरची रेघ पाहिली, बाजूची पाहिली, पलीकडे जाऊन बाकीच्या पाहिल्या, आणि आईचा हात धरून तिचं बोट त्या नटावर ठेवलं. रेघ वरून खाली सलग होती. एवढा हिसका खाऊनही केसभर सरकलेली नव्हती.

सिस्टरबाईंचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना टेकायला जागा हवी झाली. त्या रॅकच्या कडेवरच बसल्या, दुकानदार बसला होता तिथेच. रॅकनं त्यांना आनंदानं पेललं.

"रोज सकाळी निघायच्या आधी बघायचं," त्या म्हणाल्या. "आणि रेघ तुटली तर..."

"चकार शब्द नाही," जावई म्हणाला. "ठरलं होतं."

सिस्टरबाईंनी तोंड मिटलं. मोठ्या कष्टानं मिटलं, पण मिटलं. फक्त ते काळं पेन लेकीच्या खिशात खोवून दिलं.

परतीच्या वाटेवर पुन्हा एक खराब पट्टा होता. जीप गचके खात चालली. बराच वेळ मागून काहीच आवाज आला नाही, तेव्हा भिंगरीनं आरशात पाहिलं. आईचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ती ढाराढूर झोपली होती. वरच्या कडीला धरलेला हात कधीच सुटून मांडीवर पडला होता.

भिंगरीनं वेग कमी करायला पाय उचलला.

"नको," जावई कुजबुजला. "थांबलीस तर जाग्या होतील. असेच खड्डे घे."

आणि भिंगरीनं खड्डे घेतले.